‘कॉल ऑफ’ म्हणजे नक्की काय? रद्द, मागे, स्थगित आणि पुढे ढकललेलं

प्रश्न: मी लोअर परळच्या एका कंपनीत पर्चेसला आहे. साहेब आजारी पडले म्हणून शुक्रवारची व्हेंडर मीटिंग सोमवारवर टाकायची होती. मी मेल केला, ‘द मीटिंग इज कॉल्ड ऑफ टिल मंडे.’ सोमवारी दोन व्हेंडर आलेच नाहीत. म्हणाले, मीटिंग रद्द झाली असं तुम्हीच कळवलंत. कॉल ऑफचा अर्थ मला ‘रद्द करणे’ असाच शिकवलाय, पण तो कुठे वापरायचा आणि कॅन्सल, पोस्टपोन, पुट ऑफ यांच्याहून वेगळा कसा, हे कुणी नीट सांगितलं नाही. सांगाल का?

उत्तर:

व्हेंडरांची चूक नाही. तुमच्या वाक्यात दोन उलटे निरोप एकत्र आलेत. ‘कॉल्ड ऑफ’ सांगतं की मीटिंग होणार नाही. ‘टिल मंडे’ सांगतं की सोमवारी होणार आहे. ज्यांनी पहिले शब्द वाचून मेल बंद केला, त्यांनी सोमवारी दुसरं काम घेतलं. कॉल ऑफला पुढची तारीख चिकटत नाही. तारीख द्यायची असेल तर पोस्टपोन किंवा पुट ऑफ.

एवढ्यावर तुमचा मेल सुधारेल. पण तुम्ही विचारलंय ते त्यापेक्षा मोठं आहे. दादरला स्टेशनजवळच्या एका खोलीत मी बावीस वर्षं संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग घेते. ऑफिस सुटल्यावर येणारी मंडळी असतात, बँकेतली, दुकानातली, सिक्युरिटीतली, कधी एखादी नर्स. त्यांच्या वह्यांत ही ओळ हमखास सापडते: कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे. पाठ केलेली असते, परीक्षेत मार्कही मिळालेले असतात. आणि तीच मुलं मला लिहून दाखवतात, ‘आय कॉल्ड ऑफ माय तिकीट.’ एका मराठी शब्दाशी बरोबरीचं चिन्ह मारून फ्रेझल व्हर्ब, म्हणजे कॉल ऑफसारखी क्रियापदाची जोडी, शिकवलं की असंच होतं. म्हणून मी आधी चित्र देते, अर्थ मागाहून.

मुंबईत कॉल म्हटलं की फोन डोळ्यांसमोर येतो. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाला वाटतं, कॉल ऑफ म्हणजे फोन ठेवणे. इथला कॉल म्हणजे हाक. सोसायटीच्या आवारात एखाद्याचा कुत्रा भुंकत तुमच्या अंगावर धावून येतो. तुम्ही जिन्याच्या कठड्याला पाठ लावून ओरडता, ‘कॉल ऑफ युअर डॉग!’ मालक नाव घेऊन हाक मारतो आणि कुत्रा मागे फिरतो. ऑफ म्हणजे तुमच्यापासून बाजूला. वाटेतल्या दुसऱ्या कुणी कितीही हाका मारल्या तरी उपयोग नाही. कुत्रा ज्याचं ऐकतो, त्यानेच बोलवायला हवं.

कॉल ऑफचं मर्म इथे आहे. ज्याच्या शब्दावर एखादी गोष्ट ठरली किंवा सुरू झाली, तोच, किंवा त्याच्या वरचा कुणीतरी, आपला शब्द मागे घेतो. म्हणून त्यात नेहमी अधिकार असलेला माणूस असतो, वाक्यात दिसो वा न दिसो. आणि ज्यांना मागे बोलवायचं अशी माणसंही असतात: मीटिंगला येणारी, संपावर गेलेली, शोध घेणारी, लग्नाला निघालेली.

यावरून मी वर्गाला एक कसोटी देते. रद्द केल्यावर माणसांना ‘येऊ नका’ किंवा ‘थांबा, परत फिरा’ असं सांगावं लागतं का? लागत असेल तर कॉल ऑफ चालतं. नुसती नोंद, पावती, पैसे किंवा परवाना मोडायचा असेल तर कॅन्सल. तिकीट, चेक, क्रेडिट कार्ड, विमा पॉलिसी, टीव्हीचं सबस्क्रिप्शन, ऑनलाइन मागवलेली चप्पल, हे सगळं कॅन्सल होतं, कॉल ऑफ होत नाही. लोकल रद्द होते तीसुद्धा कॅन्सल्ड. पण मोटरमननी पुकारलेला संप रद्द होतो तेव्हा कॉल्ड ऑफ. एकाच रेल्वेतल्या दोन गोष्टी, कारण गाडी ही वेळापत्रकातली नोंद आहे आणि संप माणसांनी शब्द देऊन उभा केलेला असतो. डॉक्टरची अपॉइंटमेंटही कॅन्सलच करतात, कारण ती तुमच्या एकट्याची नोंद आहे.

उलट बाजूने मात्र वाट मोकळी आहे. मीटिंग, सहल, पत्रकार परिषद कॅन्सल केली असं म्हटलं तर बिघडत नाही. अजून सुरू न झालेल्या कार्यक्रमाला दोन्ही चालतात, कॅन्सल जरा कागदी वाटतं आणि कॉल ऑफ बोलण्यातलं आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यातलं. खरा फरक पडतो सुरू झालेल्या गोष्टीत. चालू असलेली चळवळ, चालू असलेला शोध, चालू असलेलं उपोषण कॅन्सल होत नाही, ते कॉल ऑफ होतं. मराठीत आपण इथे ‘रद्द’ म्हणतच नाही, ‘मागे घेतलं’ किंवा ‘थांबवलं’ म्हणतो. स्पर्धापरीक्षा देणारी मुलं हे वाक्य इंग्रजीत करताना अडतात: फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा इथे जमावाने पोलीस ठाणं पेटवलं आणि गांधीजींनी असहकार चळवळ मागे घेतली. इथे बरोबर बसतं ते ‘गांधी कॉल्ड ऑफ द नॉन-कोऑपरेशन मूव्हमेंट.’ ज्याच्या हाकेवर लोक उठले, त्यानेच त्यांना परत बोलावलं. कॅन्सल्ड लिहिलंत तर चळवळ सुरूच झाली नव्हती, असा भास होतो.

संपाच्या उदाहरणावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देते, आणि त्याला घरचं कारण आहे. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पहिले काही महिने आमच्या चाळीत रोज एकच प्रश्न असायचा, मिटला का? मग कुणी गावी गेलं, कुणी भाजीची पाटी लावली, कुणी मान खाली घालून परत कामावर हजर झालं. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. वडिलांनी गिरणीचा बिल्ला पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या शालूखाली, रुमालात बांधून ठेवला होता. पुढे कितीतरी वर्षांनी मी विचारलं, हा अजून का ठेवलाय? ते म्हणाले, ‘संप मागे कुणी घेतलाय?’

ते खरं आहे. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. इंग्रजीत त्याबद्दल लिहितात, ‘द स्ट्राइक वॉज नेव्हर ऑफिशियली कॉल्ड ऑफ.’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि विचारते, मग संप आजही चालू आहे का? नाही. तो विझत गेला, इंग्रजीत त्याला ‘पीटर्ड आउट’ म्हणतात. संपलेली प्रत्येक गोष्ट कॉल ऑफ झालेली नसते. कुणीतरी उभं राहून ‘परत फिरा’ म्हणावं लागतं, आणि इथे ते कुणी म्हटलंच नाही. शेजारी दुसरं उदाहरण ठेवते. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांचा संप नऊ दिवस चालला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि १६ जानेवारीला संघटनेने संप मागे घेतला. तो सरळसरळ कॉल्ड ऑफ. देशभरचा रेल्वे संपही तसाच: ८ मे १९७४ ला सुरू झाला आणि तीन आठवड्यांच्या आत नेत्यांनी मागे घेतला.

मराठीत संपाची क्रियापदं किती काटेकोर आहेत बघा. संप मिटला म्हणजे दोन्ही बाजूंची तडजोड झाली, ‘सेटल्ड’. संप फोडला म्हणजे कामगारांत फूट पाडून तो मोडला, ‘ब्रोकन’. संप मागे घेतला म्हणजे ज्यांनी पुकारला त्यांनीच थांबवला, ‘कॉल्ड ऑफ’. आणि संप स्थगित म्हणजे ‘सस्पेंडेड’, तो पुन्हा सुरू करायचा हक्क राखून ठेवलेला असतो. बातमीचं भाषांतर करताना ‘स्थगित’ला कॉल्ड ऑफ लिहिणारे बरेच भेटतात. युनियनच्या माणसाला विचारा, तो लगेच हरकत घेईल. मलेशियाचं एमएच ३७० विमान बेपत्ता झालं, त्याचा समुद्रतळावरचा शोध १७ जानेवारी २०१७ ला थांबला तेव्हा मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि चीन या तिन्ही सरकारांच्या निवेदनात सस्पेंडेड हा शब्द होता. नातेवाइकांसाठी त्या एका शब्दात आशा शिल्लक होती, कॉल्ड ऑफने ती उरली नसती.

आता तुमचा मूळ घोटाळा, रद्द की पुढे. २०२० चा गणेशोत्सव आठवा. करोनाच्या त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने उत्सव करायचाच नाही असं ठरवलं आणि त्याऐवजी आरोग्योत्सव म्हणून रक्तदान, प्लाझ्मादान घेतलं. त्या वर्षीचा उत्सव कॉल्ड ऑफ. वडाळ्याच्या जीएसबी मंडळाने मात्र आधी भाद्रपदातला उत्सव माघी गणेशजयंतीवर न्यायचं जाहीर केलं. ते पोस्टपोन्ड, बोलीभाषेत पुट ऑफ. एकच रोग, एकच शहर, मध्ये थोड्या किलोमीटरचं अंतर, पण दोन वेगळी क्रियापदं. त्याच वर्षीचं आयपीएल २९ मार्चला सुरू व्हायचं होतं, ते पुढे गेलं आणि १९ सप्टेंबरला अमिरातीत सुरू झालं. म्हणून तेही पोस्टपोन्ड.

मग कॉल ऑफ झालेली गोष्ट परत कधी होऊच शकत नाही का? होऊ शकते, पण त्यासाठी नव्याने ठरवावं लागतं. सप्टेंबर २०२१ मध्ये मँचेस्टरची भारत-इंग्लंड पाचवी कसोटी सुरू होण्याच्या काही तास आधी कॉल ऑफ झाली. पुढे दोन्ही बोर्डांनी बोलणी केली आणि तो सामना जुलै २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला खेळला गेला. सकाळी जेव्हा सामना कॉल ऑफ झाला, तेव्हा बर्मिंगहॅम कुणाच्या डोक्यात नव्हतं. तुमच्या मीटिंगचं तसं नव्हतं, तुम्हाला सोमवार आधीच माहीत होता.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गाठ सोडवते. पावसाने सामना गेला तर अबॅन्डन्ड म्हणतात. १३ जून २०१९ ला नॉटिंगहॅमला विश्वचषकातला भारत-न्यूझीलंड सामना एकही चेंडू न पडता अबॅन्डन्ड झाला. अंपायरांनी निर्णय जाहीर केला म्हणून त्याला कॉल्ड ऑफ म्हटलं तरी चूक नाही. पण २६/११ नंतर इंग्लंडच्या दौऱ्यातले सातपैकी उरलेले दोन एकदिवसीय सामने गेले, ते अबॅन्डन्ड नव्हेत. मैदानं कोरडी होती. निर्णय माणसांनी घेतला. ते कॉल्ड ऑफ. आणि मुंबईला होणारी कसोटी हलवली गेली, तिला ‘मूव्ह्ड’ म्हणतात.

बेत बारगळला, याचं इंग्रजी करताना मुलं कॉल ऑफ वापरतात. माळशेजला जायचं ठरलं, एकाला सुट्टी मिळेना, दुसऱ्याची गाडी गॅरेजला, तिसऱ्याने फोनच उचलला नाही. यात शब्द मागे घेणारा कोण? कुणीच नाही. तो बेत ‘फेल थ्रू’ झाला. आयोजकाने ग्रुपवर ‘घाटात दरड कोसळल्येय, कुणीही निघू नका’ असं टाकलं असतं तर कॉल्ड ऑफ. मराठीत बारगळणं, फिसकटणं ही आपोआप घडणारी क्रियापदं आहेत. कॉल ऑफ हे कुणीतरी करायचं असतं.

लग्नाबद्दल सांभाळून लिहा. मराठीत ‘तिचं लग्न मोडलं’ याचे दोन अर्थ होतात: ठरलेलं मोडलं, किंवा झालेलं मोडलं. इंग्रजीत फक्त पहिल्याला कॉल ऑफ चालतं. ‘दे कॉल्ड ऑफ द वेडिंग’ म्हणजे मांडवापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. साखरपुडा मोडला तर ‘कॉल्ड ऑफ द एंगेजमेंट’. संसार मोडला तर डिव्होर्स किंवा सेपरेशन. एका ताईंनी बहिणीच्या घटस्फोटाबद्दल व्हिसाच्या अर्जाबरोबरच्या पत्रात ‘शी कॉल्ड ऑफ हर मॅरेज’ लिहिलं होतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं की लग्न झालंच नाही, आणि अर्जात मात्र नवऱ्याचं नाव. पत्र जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ते बदललं.

व्याकरणाचं थोडक्यात. कॉल आणि ऑफ यांच्या मध्ये नाम घालता येतं: ‘कॉल ऑफ द मीटिंग’ बरोबर, ‘कॉल द मीटिंग ऑफ’ही बरोबर. सर्वनाम असलं तर ते मध्येच: ‘कॉल इट ऑफ’. ‘कॉल ऑफ इट’ कुणी म्हणत नाही. नाम लांबलचक असेल तर शेवटी ठेवा, नाहीतर ऑफ येईपर्यंत वाचणारा कॉल विसरतो. बोलताना ‘कॉल इट ऑफ’मध्ये जोर ऑफवर येतो, आपली मुलं सवयीने कॉलवर देतात. स्पेलिंगमध्ये ऑफला दोन एफ. एक एफ लिहिलात की तो ‘चा-ची-चे’वाला शब्द होतो, त्याचा उच्चारही ‘ऑव्ह’ आहे, आणि स्पेलचेक ही चूक दर वेळी पकडतो असं नाही. नोटिशीत ‘इज कॉल्ड ऑफ’पेक्षा ‘हॅज बीन कॉल्ड ऑफ’ लिहा, निर्णय झालेला आहे हे त्यातून कळतं. आणि ‘द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ ऑन फ्रायडे’ असं लिहू नका. शुक्रवारची मीटिंग रद्द झाली की रद्द करण्याचा निर्णय शुक्रवारी झाला, कळत नाही. ‘फ्रायडेज मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

मालाडला अमेरिकन शिफ्टमध्ये बसणाऱ्यांसाठी एक वेगळा अर्थ. अमेरिकेच्या काही भागांत ‘शी कॉल्ड ऑफ टुडे’ म्हणजे तिने कामावर फोन करून आज येत नाही असं कळवलं. त्यात काहीही रद्द झालेलं नाही. पुढे नाम नसलं की हा अर्थ असू शकतो, एवढं ध्यानात असू द्या.

आणि तुम्ही पर्चेसला आहात, म्हणून हे मुद्दाम सांगते, कारण इथे पैशाचं नुकसान होतं. माझा एक जुना विद्यार्थी अंधेरीच्या एमआयडीसीत पितळी फिटिंग बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅच बघायचा. युरोपातल्या गिऱ्हाइकाचा मेल आला: ‘प्लीज फाइंड अटॅच्ड अवर कॉल-ऑफ फॉर मार्च, टू थाउजंड पीसेस.’ त्याच्या वहीत कॉल ऑफ म्हणजे रद्द. त्याने दोन हजार नगांचं पॅकिंग थांबवलं आणि खोकी परत स्टोअरला लावली. न्हावाशेवाची बोट गेली. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाने विचारलं, माल कुठे आहे? तो संध्याकाळी वर्गात आला तेव्हा मेलची प्रिंट हातात घडी घालून धरली होती, आणि त्याला विचारायचं होतं ते एकच, मी चुकीचं काय वाचलं?

शब्द चुकीचा वाचला नव्हता, त्याला दुसरा अर्थ कुणी शिकवला नव्हता. ती माझीही चूक, कारण बावीस वर्षांतली पहिली आठ वर्षं तो मीही शिकवला नव्हता. दोन कंपन्या वर्षभराचा दर आणि एकूण नग ठरवून ठेवतात, आपल्याकडे त्याला रेट कॉन्ट्रॅक्ट किंवा ब्लँकेट ऑर्डर म्हणतात. मग गरज पडेल तसा त्यातला थोडा थोडा माल मागवला जातो. त्या प्रत्येक मागणीला, विशेषतः ब्रिटन आणि युरोपात, कॉल-ऑफ किंवा कॉल-ऑफ ऑर्डर म्हणतात. म्हणजे रद्दच्या नेमकं उलट: माल पाठवा. पण हाक तीच आहे. कुत्र्याला माणसापासून बाजूला बोलावतात, इथे ठरलेल्या साठ्यातून इतके नग बाजूला बोलावले. ओळखायची खूण म्हणजे हा शब्द नाम म्हणून येतो, बहुतेकदा मध्ये छोटी रेघ असते, आणि जवळपास आकडा किंवा तारीख असते. ‘वी आर कॉलिंग ऑफ फाइव्ह हंड्रेड युनिट्स’ असं क्रियापदाने लिहिलं असलं तरी युनिट्सचा आकडा पाहून थांबा, आणि शंका असेल तर माल थांबवण्याआधी उलट मेल करून विचारा.

आता तुमचा मेल. ‘फ्रायडेज व्हेंडर मीटिंग हॅज बीन पोस्टपोन्ड टू मंडे’, आणि पुढे सोमवारची तारीख, वेळ, खोली. फोनवर सांगताना ‘इट्स बीन पुट ऑफ टिल मंडे’ पुरे, तिथे टिल अगदी बरोबर बसतो. तीच मीटिंग अलीकडे आणायची झाली तर प्रीपोन आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण परदेशी व्हेंडर असेल तर ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहा. आणि साहेबांनी खरंच सांगितलं की आता ही मीटिंग नको, तर ‘फ्रायडेज मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ’, आणि त्याच मेलमध्ये दुसरी कुठलीही तारीख घालू नका.